घोडीची साक्ष

सिब्रिगकाकूंचा फोन आला तेव्हा फौजदार हेस्सेल टोल्स्मा रविवारच्या कॉफीत बिस्कीट बुडवत होता.

"हेस्सेल, शिंगरू नाहीये."

"नाहीये म्हणजे? गवतात कुठेतरी आडवं झालं असेल, काकू."

"मी सत्तर वर्षांची आहे, आंधळी नाही. चर्चमधून आले तर फाटक बंद, घोडी जागेवर आणि शिंगरू गायब. तू येतोस, की मीच टोपी घालून पोलीस होऊ?"

बिस्कीट कॉफीत तुटून पडलं. हेस्सेलने सायकल काढली.

फ्रीसलंड प्रांताच्या सपाट जमिनीत काही लपवायला जागाच नसते. कुरण, पाण्याचा चर, पुन्हा कुरण. सिब्रिगकाकूंच्या कुरणाला तीन बाजूंनी चर आणि चौथ्या बाजूला कालवा. फाटक एकच, ते रस्त्यावर. हिस्के घोडी मात्र फाटकाकडे पाठ करून कालव्याच्या काठाशी उभी होती आणि पाण्याकडे तोंड करून ओरडत होती. तिच्या सडातून दुधाची धार लागली होती. हेस्सेलला ते बघवेना.

गावातली चार माणसं लांब काठ्यांनी कालवा ढवळत होती. सगळ्यांच्या पुढे, गुडघाभर पाण्यात, वोब्बेकाका. चर्चचे पंच, वय अडुसष्ट, कालव्यापलीकडच्या मोठ्या गोठ्याचे मालक.

"बुडालं असणार," ते म्हणाले. "बारा दिवसांचं पोर. काठावर पाय घसरला असेल. देवाची मर्जी, हेस्सेल."

"मर्जी असेल तर सापडेल तरी," हेस्सेल म्हणाला. संध्याकाळपर्यंत पाण्यातून एक गंजकी बादली आणि कोणाचा तरी बूट निघाला.

स्वयंपाकघरात त्याने वही उघडली. "वर्णन सांगा, काकू."

"काळं."

"पुढे?"

"पुढे काय? काळं. मादी. पांढरा केस एक नाही."

हेस्सेलचं पेन थांबलं. इथल्या काळ्या घोड्यांच्या जातीत कपाळावरची टिकलीभर चांदणी सोडली तर पांढरं काही चालत नाही. तांबूस शिंगरू झालं तर लोक पाहुण्यांसमोर विषय बदलतात. तेव्हा प्रांतभर हजार कुरणांत हजार काळी शिंगरं, आणि फौजदाराने शोधायचं म्हणजे काळं शिंगरू.

"जिभेवरचा नंबर?"

"तो शनिवारी पडायचा होता. इपे येणार आहे ना नोंदीला."

येत्या शनिवारी चर्चमागच्या मैदानात गावातल्या घोड्या आपापल्या शिंगरांसह उभ्या राहणार होत्या. नोंदणीवाला इपे येतो, शिंगरू कोणाचं दूध पितं ते बघतो, वहीत आईचं नाव लिहितो आणि सुयांच्या चिमट्याने जिभेवर आकडा गोंदतो. मग तो आकडा मरेपर्यंत जात नाही. कागदपत्रांत माणूस लबाडी करेल, पण परकं पोर घोडी लाथेने उडवते, म्हणून गावात म्हणतात, घोडी खोटं बोलत नाही.

"शनिवारपर्यंत नाही मिळालं तर?"

सिब्रिगकाकू उठल्या. त्यांनी कपाटातून जाडजूड बायबल काढलं. आत एक जुनं पाकीट होतं. पाकिटात केसांच्या सतरा बटा, प्रत्येक दोऱ्याने बांधलेली, चिठ्ठीवर तारीख.

"ट्रॅक्टर आले आणि काळे घोडे खाटकाकडे गेले, तेव्हा तू शाळेत होतास. लोक म्हणायचे, खातो किती, कामाला काय उपयोग. माझा नवरा रिन्से आणि वोब्बे, दोघांनी मिळून एक घोडी ठेवली. एका वेळचं जेवण कमी करून ठेवली रे. तिच्या दोन मुली. यिल्दौ वोब्बेकडे गेली, हिस्के आमच्याकडे. हिस्केची पोरं एकेक करून लांब गेली, कोणी मेली. ती आता एकोणीस वर्षांची. गुरांचे डॉक्टर म्हणाले, हे शेवटचं. हे शिंगरू नोंदवहीत चढलं नाही, तर रिन्सेचं घराणं संपलं."

"आणि या बटा?"

"रिन्से पहिल्या दिवशी कापायचा. उजव्या कानामागून, बोटभर. या घोड्यांच्या आयाळीला कात्री लावणं म्हणजे पाप. म्हणून आम्ही कोणाला सांगितलं नाही, वोब्बेलासुद्धा नाही. रिन्से गेल्यापासून मी कापते." त्यांनी सगळ्यात वरची बट दाखवली. तारीख बारा दिवसांपूर्वीची. "तू पण बोलू नकोस."

हेस्सेलने मान हलवली. कॉफीबरोबर साखरेच्या पावाचा तुकडा पुढे आला, तो त्याने खाल्ला.

*

सोमवारी सकाळी गावाने गुन्हेगार ठरवून टाकला होता. लोल्के. जनावरांचा दलाल, तोंडाचा फाटका, गेल्याच आठवड्यात काकूंच्या फाटकाशी भांडताना सगळ्यांनी ऐकलेला.

"शिंगरू मागायला गेला होतास?"

"गेलो होतो. धंदा आहे माझा. म्हातारी म्हणाली, तुझ्यापेक्षा खाटीक बरा."

"मग रागावलास?"

"मी? रागावली ती घोडी!" लोल्केने बिनदिक्कत विजार खाली केली. मांडीवर अख्खा खूर निळा उमटला होता. "शिंगराच्या दहा पावलांवर गेलो असेन. शांत जात, प्रेमळ जात म्हणतात ना? असतील. पण ही हिस्के शिंगरू असताना तीनच माणसांना जवळ येऊ देते. काकू, डॉक्टर आणि वोब्बे. वोब्बेने तिला आईच्या पोटातून ओढून काढलीय, त्याच्या खिशातला पाव खाते ती."

"रविवारी कुठे होतास?"

"बहिणीकडे. पाच भाचरं साक्षीला आहेत. एकजात खोटारडी, पण पाच आहेत."

"आणि डॉक्टर?"

"बेटावर. बायकोपोरांना घेऊन वाळूत लोळतोय."

हेस्सेल तिथून खेर्त्येआजींकडे गेला. आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. खाट खिडकीशी, खिडकी रस्त्यावर, समोर काकूंचं फाटक. गावात यांच्या नजरेतून मांजर सुटत नाही.

"रविवारी फाटकातून कोण गेलं, आजी?"

"सिब्रिग साडेनवाला बाहेर गेली, साडेअकराला आत आली. मधे कोणी नाही. गाडी नाही, सायकल नाही, कुत्रं नाही."

"डुलकी लागली असेल."

"डुलकी तुला लागते, प्रवचनात. तुझ्या आईने सांगितलंय मला."

"बरं. घोडी कधी ओरडायला लागली?"

"रेडिओवर दुसरं स्तोत्र चालू होतं. दहाला पाच कमी. त्याआधी चूं नाही की चां नाही. मग एकदम जीव गेल्यासारखी किंचाळली."

हेस्सेलने दोन्ही गोष्टी लिहिल्या. फाटकातून कोणी गेलं नाही. घोडी शिंगरू जाईपर्यंत गप्प होती. 

दुपारी तंबाखू घ्यायला दुकानात गेला तर दुकानदारीणबाईंच्या पोटात गुपित मावत नव्हतं.

"तुम्हाला म्हणून सांगते, फौजदार. शनिवारी कोणी बेरेनबुर्गची बाटली नेली, माहितीये? वोब्बेकाकांनी!"

बेरेनबुर्ग म्हणजे जडीबुटीची कडू दारू. नाकाजवळ नेली तरी डोळ्यांत पाणी येतं. आणि वोब्बेकाका म्हणजे जत्रेतला बियरचा तंबू बंद पाडणारे.

"चर्चमध्ये बसून गुपचूप?" हेस्सेल हसला.

"कोणाच्या मनात काय, कोण सांगणार! रविवारी उशिरापण आले. प्रवचन निम्मं झालं होतं. म्हणे, वासरू मेलं."

*

मंगळवारी हेस्सेल कालव्यापलीकडे गेला. वोब्बेकाकांनी स्वतः कॉफी गाळली. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"झोप नाही, हेस्सेल. ती हिस्के ओरडते ना, थेट माझ्या खिडकीत ऐकू येतं."

"तुमचं शिंगरू ठीक?"

"हो. सिब्रिगच्यापेक्षा एका दिवसाने मोठं. एकच बाप. जोडीने वाढली असती." काकांनी बाहीने डोळे पुसले, आणि हेस्सेलला पुढचं विचारायची लाज वाटली. लहानपणी याच माणसाने त्याच्याकडून रविवारच्या वर्गात दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या.

तबेल्यात यिल्दौ उभी होती, तिच्या पोटाखाली शिंगरू चुटुचुटु दूध पीत होतं. काळं, पांढरा केस एक नाही. यिल्दौने मान वळवून त्याच्या शेपटीचं मूळ चाटलं.

"ऐन ऑगस्टात आत का?"

"यिल्दौला खोकला आहे. शनिवारपर्यंत जपतोय."

हेस्सेल पाच मिनिटं उभा राहिला. घोडी एकदाही खोकली नाही. भिंतीवर लाकडी पाट्या होत्या, वोब्बेकाकांच्या चार पिढ्यांच्या घोड्या, प्रत्येकीच्या नावाखाली मातृत्वाचा किताब. शेवटी एक खिळा रिकामा.

"हा यिल्दौचा?"

"तिची तीन पोरं किताबाची झाली. चार लागतात." काकांनी शिंगराकडे बघितलं नाही. "तीही वीस वर्षांची झाली आता."

"काका, राग मानू नका. शनिवारी दुकानातून बाटली नेलीत?"

म्हाताऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. "दात. दाताला लावायला."

"कोणता?"

"डावा... मागचा."

बाहेर निघताना हेस्सेलने बघितलं, कालव्याच्या धक्क्याला शेणखत वाहायची चपटी होडी बांधली होती. तळ घासूनपुसून लख्ख. एरवी त्या होडीजवळून नाक धरून जावं लागतं.

बुधवारी रस्त्यात मेलेली जनावरं नेणारा ट्रक भेटला. हेस्सेलने हात केला.

"वोब्बेकाकांकडून काय उचललंस?"

"सोमवारी? वासरू," ड्रायव्हर म्हणाला. "ताडपत्रीत शिवून ठेवलेलं. फाटक्या कोपऱ्यातून मांस दिसत होतं. सोललेलं होतं, साहेब. मेलेल्या वासराचं कातडं कोण सोलतं हल्ली?"

"खूर पाहिलेस?"

"मी काय जेवायला नेत होतो, खूर बघायला?"

त्या दिवशी हेस्सेल घरी जेवला नाही. कालव्याच्या काठाने सायकल हातात धरून चालत राहिला. आपण चुकत असू, असं त्याला मनापासून वाटत होतं, चुकत असलो तर बरं, असंही वाटत होतं. होडी, बाटली, कातडं या तीन गोष्टी आहेत, पण पुरावा एकही नाही. आणि समोर खुद्द यिल्दौ उभी, शिंगराला पाजत. तिची साक्ष कोण खोडणार?

मग त्याला बायबलमधलं पाकीट आठवलं. तिथल्या तिथे तबेल्यात शिरून आयाळ बघावी, असं मनात आलं. पण एकट्याने बघितलं तर म्हाताऱ्याच्या शब्दापुढे त्याचा शब्द पडणार, आणि एका रात्रीत कात्री कुठेही फिरवता येते. गावासमोर आणि इपेसमोरच बघायला हवं होतं. शुक्रवारी हिस्के ओरडायची थांबली. तिचं दूध आटत चाललं होतं.

*

शनिवारी मैदानात झेंडे होते, कॉफी होती, आणि कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं. सिब्रिगकाकू हिस्केचा दोर धरून कडेला उभ्या होत्या. सोबत शिंगरू नसताना त्यांना कशाला बोलावलंय, हे फक्त हेस्सेलला माहीत होतं. काकूंना त्याने एवढंच सांगितलं होतं, बायबल आणा.

सहावी जोडी यिल्दौची. पांढरा शर्ट, पांढरी विजार घातलेले वोब्बेकाका या वयातही तिच्याबरोबर धावले. घोडी पाय उंच उचलत आली, मानेवरची आयाळ गुडघ्यापर्यंत लोंबत होती. मागून शिंगरू धडपडत आलं आणि थांबताच तिच्या पोटाखाली शिरलं.

"पितंय," इपे म्हणाला. "घोडी खोटं बोलत नाही. आई, यिल्दौ." त्याने चिमटा उचलला.

"थांबा, इपे." हेस्सेल पुढे आला. "आधी त्याची आयाळ वर करा. उजव्या कानामागे."

वोब्बेकाकांनी न समजून बघितलं. इपेने बोटांनी मऊ केस वर केले. खाली बोटभर जागेत केस आखूड होते, कात्रीने सरळ कापलेले.

"आयाळीला कात्री?" इपे दचकला. "कोण लावेल?"

सिब्रिगकाकूंनी बायबल उघडलं. त्यांनी पाकीट काढलं, वरची बट इपेच्या तळहातावर ठेवली. इपेने ती कापलेल्या जागी धरली. रुंदी तीच, पोत तोच. चिठ्ठीवर तारीख होतीच.

"हे माझं आहे," काकू म्हणाल्या. "हे हिस्केचं आहे."

"काहीतरीच!" गर्दीतून लोल्के ओरडला. "परक्याचं पोर घोडी पाजेल होय?"

"पाजते, फसवलं तर," हेस्सेल म्हणाला. तो वोब्बेकाकांकडे बघत नव्हता. "काकांचं शिंगरू गेल्या शनिवारी मेलं. किताबासाठी लागणारं चौथं, यिल्दौचं शेवटचं. कोणाला सांगितलं नाही. त्याचं कातडं सोललं. दुकानातून बेरेनबुर्ग आणली. सगळे हसलो आपण, मीसुद्धा. ती पिण्यासाठी नव्हती, घोडीच्या नाकपुड्यांना चोळण्यासाठी होती, म्हणजे तिला वास नीट कळू नये."

"आणि चोरी?" इपेने विचारलं.

"रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना. फाटकातून कोणी आलं नाही, खेर्त्येआजींची शपथ आहे. मग पाण्यातून. हिस्के पहिल्या दिवसापासून सांगत होती. ती कालव्याकडे बघून ओरडत होती, आपल्याला वाटलं पोर बुडालं. ते होडीतून पलीकडे गेलं होतं. होडी नंतर घासून काढली."

"पण ती तर लाथ मारते!" लोल्केने मांडी चोळली.

"तुला मारते. तीन माणसांना मारत नाही. काकू चर्चमध्ये होत्या, डॉक्टर बेटावर. तिसरा माणूस त्या दिवशी निम्म्या प्रवचनाला आला. त्याने खिशातला पाव दिला असेल, ती गप्प राहिली. शिंगरू होडीत चढल्यावर तिला कळलं." हेस्सेल इपेकडे वळला. "मग मेलेल्या शिंगराचं कातडं या शिंगराच्या पाठीवर बांधलं. यिल्दौला आपल्या पोराचा वास आला. भुकेलेलं पोर प्यायला लागलं, दोन दिवसांत कातडं काढलं तरी चाललं. पण उघड्या कुरणात हिस्केची हाक ऐकून पोर कालव्याकडे धावलं असतं, म्हणून घोडीला खोकला झाला. आणि वासरू म्हणून ट्रकमध्ये गेलं ते वासरू नव्हतं. यिल्दौ खोटं बोलली नाही, इपे. तिला खोटं सांगितलं गेलं."

सगळ्यांनी वोब्बेकाकांकडे पाहिलं. म्हातारा पांढऱ्या कपड्यांत ताठ उभा होता.

"रक्त एकच आहे," तो म्हणाला. "एकाच घोडीच्या दोन मुली. रिन्से आणि मी दोघांनी वाचवलेली घोडी. सिब्रिग, तुझ्यामागे कोण आहे हे पुढे न्यायला? माझ्याकडे नातू आहेत, तबेला आहे. रक्त तर टिकणार होतं ना!"

"मला मागायचं होतंस," काकू म्हणाल्या.

"दिलं असतंस?"

"यिल्दौला पाजायला दिलं असतं. रिन्सेने तर आनंदाने दिलं असतं." त्यांचा आवाज चढला. "पाण्यात उतरून शोधत होतास माझ्यासमोर! माझ्या स्वयंपाकघरात बसून रडलास!"

"ते खरं रडलो," वोब्बेकाका म्हणाले. "माझंही मेलं होतं, सिब्रिग. कातडं अजून मिठात ठेवलंय. टाकवलं नाही." ते मटकन खाली बसले. पांढरी विजार चिखलात भरली.

हिस्केला पुढे आणलं. काकूंनी शिंगरू तिच्यासमोर उभं केलं.  हिस्केने नाक खाली नेलं, वास घेतला, पुन्हा घेतला. त्या पोराला बेरेनबुर्गचा, परक्या दुधाचा, परक्या जिभेचा वास येत होता. तिने मान उचलली आणि नाक दुसरीकडे वळवलं. शिंगरू वळलं आणि धावत यिल्दौच्या पोटाखाली गेलं.

इपेने पेन्सिल वहीवर टेकवली. "काय लिहू, काकू?"

"खरं ते लिही. आई, हिस्के."

चिमटा मिटला. शिंगरू एकदा किंचाळलं, जिभेवर आकडा उमटला, आणि इपेने काळी शाई अंगठ्याने चोळली.

"दूध तुटेपर्यंत यिल्दौ माझ्या कुरणात राहील," काकू म्हणाल्या. "दोघी बहिणी एकत्र राहतील."

"आणि मी?" वोब्बेकाकांनी जमिनीकडे बघत विचारलं. "मला बघायला येऊ देशील?"

"तू फाटकाबाहेर."

हेस्सेलने त्यांना दंडाला धरून उठवलं. ठाण्यापर्यंत दोघं पायी गेले.

दुसऱ्या दिवशी वहीतल्या त्या पानावर त्याला फक्त 'सापडलं' एवढं लिहायचं होतं. त्याआधी एकदा बघून यावं म्हणून तो काकूंच्या कुरणाकडे गेला. यिल्दौ फाटकापाशी चरत होती. शिंगरू पोटभर पिऊन कुरणभर उड्या मारत सुटलं होतं, मारता मारता ते हिस्केच्या मागून, तिच्या शेपटीला लागून गेलं.

हिस्केने वळून पाहिलं नाही. ती कालव्याच्या काठाशी उभी होती, कान पुढे करून, पाण्याकडे बघत.